प्रयोगशाळेचं दार किती उघडं ठेवायचं: विद्यापीठातल्या संशोधनाच्या सुरक्षेसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

९ नोव्हेंबर २०१८ रोजी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या खात्यावर एक ई-मेल आला. कुणी लिंक दाबली नाही, जोडलेली फाईल उघडली नाही. मेल नुसता प्रिव्ह्यूमध्ये पाहिला गेला आणि तेवढ्यावर खात्याचा पासवर्ड बाहेर गेला. मग त्या खात्यातलं कॅलेंडर वाचून, कोण कुणाला कधी भेटतं याचा अंदाज घेऊन पुढचे मेल लिहिले गेले. घुसखोर शेवटी ज्या प्रणालीपर्यंत पोचले तिथे १९ वर्षांच्या नोंदी होत्या. ऑक्टोबर २०१९मध्ये विद्यापीठाने या सगळ्याचा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या आयटी विभागांनी तो मुळातून वाचावा असा आहे.

एरवी मात्र एवढ्या कसबाची गरजच पडत नाही. कुणी कोड मागतं, पीएचडीचा विद्यार्थी आनंदाने पाठवतो. कुणी नमुना मागतं, तो कुरिअरने जातो. ‘मानद प्राध्यापक’ म्हणून परदेशातून पत्र येतं आणि त्यासोबतच्या करारातलं सातवं कलम कुणी वाचत नाही. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी सही किंवा परवानगी लागते, म्हणजे थांबून पाहण्याची जागा तिथे आधीच असते. पुढच्या पायऱ्या या जागांभोवतीच बांधल्या आहेत, आणि त्या भारतातल्या विद्यापीठांसाठी आहेत.

पहिली पायरी: आपल्याकडे काय आहे याची यादी

सगळ्याच संशोधनाला कुलूप लावायला निघालात तर महिन्याभरात कुणीच नियम पाळणार नाही. म्हणून आधी वेगळं काढा. प्रत्येक प्रकल्पप्रमुखाकडून प्रकल्पामागे एकच पान भरून घ्या, तीन आठवड्यांची मुदत द्या. त्यात एवढेच प्रश्न असावेत:

– यातलं काय अजून प्रसिद्ध झालेलं नाही?
– वस्तू, कोड किंवा कृती स्कोमेट या सरकारच्या निर्यात-नियंत्रण यादीत बसते का?
– पैसा कुणाचा आणि देणाऱ्याच्या अटी काय?
– माणसांची आरोग्यविषयक माहिती, बारीक नकाशे किंवा जैविक नमुने आहेत का?
– परदेशातलं कोण कोण जोडलेलं आहे: सहलेखक, पाहुणे, विद्यार्थी, यंत्र पुरवणारी कंपनी?

पाचही उत्तरं निर्धास्त असतील तर तो प्रकल्प खुला. त्याच्यामागे पुन्हा लागू नका. मराठी संतसाहित्यावरच्या किंवा संख्याशास्त्रातल्या निव्वळ सैद्धांतिक कामाला सुरक्षेचे फॉर्म भरायला लावणं म्हणजे या व्यवस्थेचं हसं करून घेणं. उरतील ते प्रकल्प थोडे असतील, लक्ष द्यायचं ते त्यांच्यावर.

स्कोमेटचा प्रश्न सगळ्यांत जास्त अडतो, कारण प्राध्यापकांना वाटतं की निर्यात म्हणजे बंदरातला कंटेनर. स्कोमेट ही दुहेरी उपयोगाच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालणाऱ्या रसायनं, जीवाणू-विषाणू, पदार्थ, उपकरणं आणि तंत्रज्ञानाची सरकारी यादी आहे. तिचे ० ते ८ असे वर्ग आहेत. अणुऊर्जेशी संबंधित शून्य वर्गाची परवानगी अणुऊर्जा विभाग देतो, युद्धसामग्रीच्या सहाव्या वर्गाची संरक्षण उत्पादन विभाग, आणि बाकीच्यांची विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी. आठव्या वर्गात इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, सेन्सर, लेझर, दिशादर्शन असं बरंच काही येतं, आणि विद्यापीठांचा पाय बहुधा तिथेच घसरतो: थर्मल कॅमेऱ्याचा डिटेक्टर, ड्रोनची नियंत्रणप्रणाली, कार्बन फायबर गुंडाळायचं यंत्र. रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांनीही गाफील राहू नये. एरंडाच्या बियांत सापडणारं रायसिन हे विष रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या पहिल्याच अनुसूचीत आहे.

तंत्रज्ञान ई-मेलने, क्लाउडवरून किंवा ऑनलाइन मीटिंगमध्ये दिलं तरी ते हस्तांतरणच. २००५च्या महासंहारक अस्त्रविषयक कायद्यात भारतातून बाहेर जाणाऱ्या तंत्रज्ञानावर बंधन आहे. सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहिती त्यात येत नाही, आणि मूलभूत वैज्ञानिक संशोधनालाही स्कोमेटमध्ये सूट आहे. घोटाळा होतो तो या सवलतीच्या काठावर. समजा, कंपोझिट पदार्थावरचा पेपर छापून आला. तो कुणालाही पाठवा. पण त्यावर मेल येतो: “फायबर गुंडाळताना ताण किती ठेवला, रेझिनची विस्कॉसिटी किती, ओव्हनमध्ये तापमान कोणत्या टप्प्यांनी वाढवलं?” हे आकडे पेपरमध्ये नाहीत, विद्यार्थ्याच्या वहीत आहेत. पेपर खुला असला तरी वही खुली नसते. असा मेल आला की उत्तर देण्याआधी तो प्रकल्प यादीत कुठे बसतो ते पाहायचं. खात्री नसेल तर डीजीएफटीला लेखी विचारायचं. तोंडी सल्ल्याला कागदावर किंमत नसते.

दुसरी पायरी: समोरचा कोण आहे ते पाहणं

यासाठी गुप्तहेर लागत नाही. तासाभरात बरंच कळतं. संस्थेचं नाव तिच्या मूळ भाषेत शोधा, इंग्रजी नावं मोघम असतात आणि बदलतातही. ती कोणत्या मंत्रालयाखाली येते ते पाहा. ज्या माणसाशी काम करायचं आहे त्याचे गेल्या पाच वर्षांतले पेपर उघडा आणि दोनच गोष्टी वाचा: सहलेखकांचे पत्ते आणि शेवटचा आभाराचा परिच्छेद. निधी कुणी दिला ते तिथे लिहिलेलं असतं. मग पेटंट कुणाच्या नावावर आहेत ते बघा. चीनमधली बेइहांग, हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल यांसारखी सात विद्यापीठं ‘राष्ट्रीय संरक्षणाचे सात पुत्र’ म्हणून ओळखली जातात, हे माहीत नसेल तर नुसत्या नावावरून काहीच लक्षात येणार नाही. शिवाय २०१९मध्ये यूजीसीने चिनी संस्थांशी कुठलाही करार करण्याआधी गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांची परवानगी घ्यायला सांगितलं आहे. विभागप्रमुखाच्या सहीने झालेला साधा एमओयू, म्हणजे सामंजस्य करारही त्यात आला.

अमेरिकेची एंटिटी लिस्ट (ज्यांना अमेरिकी वस्तू पाठवायला परवानगी लागते अशांची यादी), संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांची यादी याही तपासा, पण यादीत नाव दिसलं म्हणजे समोरचा बदमाश असा अर्थ काढू नका. भाभा अणुसंशोधन केंद्रही त्या अमेरिकी यादीत वर्षानुवर्षं होतं, ते जानेवारी २०२५मध्ये वगळलं गेलं. यादी म्हणजे थांबून विचारण्याची खूण, एवढंच.

माणसाचा देश किंवा आडनाव हा निकष नव्हे, आणि हे सौजन्य म्हणून म्हटलेलं नाही. तो निकष चालतच नाही. चीनसाठी होणारी हेरगिरी आणि तंत्रज्ञानाची चोरी शोधायला अमेरिकेने २०१८मध्ये ‘चायना इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू केला. जानेवारी २०२१मध्ये एमआयटीतले प्राध्यापक गांग चेन यांच्यावर गुन्हा दाखल झाला, वर्षभराने सरकारनेच तो मागे घेतला, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये तो उपक्रमच गुंडाळला गेला. उलट, हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर डिसेंबर २०२१मध्ये दोषी ठरले. त्यांचा अपराध होता तो वुहानमधल्या विद्यापीठाशी असलेला संबंध आणि मिळालेले पैसे लपवण्याचा: खोटी माहिती, कर, परदेशी बँक खातं. पाहायचं ते वस्तू कोणती, संस्था कोणती, वापर कशासाठी आणि काय लपवलं जातंय हे.

तिसरी पायरी: पैसा आणि मानाची पदं जाहीर करणं

दरवर्षी जून-जुलैत प्रत्येक अध्यापकाकडून एक निवेदन घ्या: परदेशातली पदं, मानधन, प्रवासखर्च, तिथली प्रयोगशाळा, तिथले विद्यार्थी, पेपरवर लावलेली दुसरी संलग्नता. जाहीर केलेल्या गोष्टीवर शिक्षा नाही, लपवलेल्यावर चौकशी, हे फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहा. नाहीतर लोक कोरे फॉर्म परत देतील. नियुक्तिपत्र आलं की ते कायदा विभागाने पूर्ण वाचावं. ‘या नियुक्तीची माहिती मूळ संस्थेला देऊ नये’, ‘या काळातल्या बौद्धिक संपदेवर आमचा हक्क राहील’ किंवा ‘आणखी संशोधक आणून द्यावेत’ यांपैकी एक जरी वाक्य असलं तरी नकार कळवायचा.

परदेशी देणगी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, पाहा. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगकडून लेखापरीक्षण सक्तीचं असलेल्या संस्थांना त्यातून सूट आहे, खासगी ट्रस्टच्या महाविद्यालयाला नाही. आपलं ऑडिट नक्की कोण करतं हे वित्त व लेखाधिकाऱ्याला आधी विचारा, गृहीत धरू नका. नोंदणी लागत असेल तर २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे तीन कॉलेजांनी मिळून प्रकल्प घ्यायचा आणि एकाने पैसे घेऊन वाटायचे, ही जुनी सोय आता बंद.

चौथी पायरी: करार

एमओयूवर सह्या होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो, आणि मग खरं काम त्या दोन पानांच्या मोघम कागदावर चालू राहतं. एमओयू ओळखीपुरता ठेवा. डेटा, नमुना किंवा कोड हलण्याआधी वेगळा प्रकल्प-करार करा आणि त्यात एवढं तरी बघा: आधीपासूनची आपली बौद्धिक संपदा कोणती, तिची यादी परिशिष्टात, डेटा कोणत्या देशातल्या सर्व्हरवर राहणार, मिळालेलं तिसऱ्याला देण्याला मनाई, काम करणाऱ्या माणसांची नावं आणि माणूस बदलला तर लेखी कळवणं, पेपर छापण्याआधी वाचायला ३० ते ६० दिवस, त्याहून जास्त नाही, आणि सुरक्षेचं कारण असेल तर दंड न भरता बाहेर पडण्याची वाट.

पेटंटमध्ये एक चूक पुनःपुन्हा होते. परदेशी सहकारी म्हणतो, “आमच्या विद्यापीठाचं पेटंट ऑफिस उत्तम आहे, आम्हीच दाखल करतो.” शोधकांत भारतात राहणारा एकही माणूस असेल तर पेटंट कायद्याचं कलम ३९ लागू होतं. एकतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्यायची, ती साधारण २१ दिवसांत निकाली निघते. कायद्यातला शब्द ‘रहिवासी’ आहे, ‘नागरिक’ नाही. इथे वर्षभर राहिलेला परदेशी पोस्टडॉकही त्यात येऊ शकतो. नियम मोडला तर भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो, शिवाय दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे.

पाचवी पायरी: नमुने, जीवाणू, नकाशे

आंबोलीच्या मातीतून नवा जीवाणू सापडला असं धरू. नवी प्रजाती म्हणून नाव द्यायचं तर आंतरराष्ट्रीय नामकरण नियमांनुसार तिचा नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवावा लागतो, आणि तिथून तो इतरांना मिळायला हवा. म्हणजे विज्ञानाच्या नियमानेच तो बाहेर जाणार. दुसरीकडे जैवविविधता कायदा, २००२ सांगतो की परदेशी व्यक्ती किंवा संस्थेने भारतातलं जैविक साधन घेण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी हवी. त्या साधनावरच्या संशोधनाचे निष्कर्ष त्यांना द्यायचे तरीही हवी.

दोन्हींचा मेळ घालायचा तर क्रम महत्त्वाचा. गोळा करतानाच ठिकाण, तारीख आणि वन विभागाची परवानगी वहीत. मग पहिली जमा भारतातल्याच संग्रहात, पुण्यात एनसीसीएस आणि एनसीएल या संशोधन संस्थांचे संग्रह आहेत. त्यानंतर प्राधिकरणाकडे अर्ज, आणि मंजुरी हातात आल्यावरच परदेशी संग्रहाकडे पार्सल. बहुतेक जण हस्तलिखित पाठवून झाल्यावर जागे होतात. संपादक जमा केल्याचं प्रमाणपत्र मागतो, मुदत पंधरा दिवसांची असते, आणि मग ‘कल्चर’ ऐवजी ‘डॉक्युमेंट्स’ असं लिहून पाकीट जातं. ते पाकीट पकडलं गेलं तर पेपर आणि माणूस दोघंही अडकतात. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या संयुक्त संशोधन प्रकल्पांना कलम ५खाली सवलत आहे. ती मिळते का हे प्रकल्प लिहितानाच तपासा.

आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार किंवा परदेशी निधी असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीशिवाय आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते. तिचं काम आयसीएमआरमधून चालतं.

भूगोल, शेती, पुरातत्त्व या विभागांनी ड्रोनच्या चित्रांकडे लक्ष द्यावं. फेब्रुवारी २०२१च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेला १ मीटर आणि उभ्या दिशेला ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतीय संस्थांनीच तयार करायचा आणि तो भारतातच साठवायचा. साधा ड्रोन सेंटिमीटरमध्ये चित्र देतो, आणि तो फोल्डर सवयीने परदेशी क्लाउडवर चढवला जातो.

यंत्रांच्या बाबतीत दोन गोष्टी. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवलेला डिटेक्टरही निर्यातच, बॅगेत हाती नेलेला नमुनाही. आणि खरेदीच्या वेळी प्राध्यापकाने सही केलेलं अंतिम वापराचं हमीपत्र फाईलमध्ये पडून असतं. ‘हे यंत्र दुसरीकडे देणार नाही’ असं त्यात लिहिलेलं असतं, आणि दोन वर्षांनी तेच यंत्र शेजारच्या संस्थेला वापरायला जातं. त्या पत्राची प्रत यंत्रावरच चिकटवा. टेंडर काढताना भारताशी भूसीमा असलेल्या देशांतल्या पुरवठादारांच्या नोंदणीची जुलै २०२०ची अटही परचेस विभागाने विसरू नये. मधला डीलर मुंबईचा असला तरी मूळ उत्पादक कोण हे विचारा.

सहावी पायरी: संगणक

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

ग्रंथालयाचं लॉगिन हे चोरट्यांचं आवडतं दार आहे. मार्च २०१८मध्ये अमेरिकेने ‘मबना इन्स्टिट्यूट’शी संबंधित ९ इराणी व्यक्तींवर आरोप ठेवले. अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठं, सुमारे १ लाख प्राध्यापकांची खाती लक्ष्य, त्यांतली जवळपास ८ हजार फुटली आणि ३१ टेराबाइटहून अधिक माहिती गेली, असं आरोपपत्रात आहे. मेलचा मजकूर साधा होता: आपला अमुक लेख वाचला, फार आवडला, आपले हे लेखही पाहायचे आहेत. लिंक दाबली की स्वतःच्याच विद्यापीठासारखं दिसणारं लॉगिनचं पान उघडायचं. प्राध्यापकाला स्तुतीपेक्षा मोठं आमिष नसतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

उपाय: मेल, व्हीपीएन आणि ग्रंथालय तिन्हींना दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं. सुरुवात कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा आणि वित्त विभागांपासून करा, कारण सवलत मागणारे तेच पहिले असतात. लॉगिन पानाचा पत्ता एकच ठेवा आणि तो ओळखपत्राच्या मागे छापा.

आता लॅबमधला पीसी. एक्सआरडी, एनएमआर किंवा सीक्वेन्सर अशा मोजणीच्या यंत्राला जोडलेला संगणक बहुधा जुन्या विंडोजवर चालतो. अपडेट केला तर ड्रायव्हर बिघडतो आणि कंपनी हात वर करते, म्हणून कुणी त्याला हात लावत नाही. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो आणि सर्व्हिस इंजिनिअरला दुरून संगणक चालवता यावा म्हणून एनीडेस्क चोवीस तास चालू. तो संगणक बदलता येत नसेल तर वेगळा ठेवा:

१. त्याला स्वतंत्र व्हीलॅनवर, म्हणजे जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात टाका, इंटरनेट एरवी बंद.
२. दूरस्थ प्रवेश इंजिनिअरचा फोन आल्यावरच चालू करा, कोणी तरी समोर बसा, काम झालं की बंद. वेळ आणि नाव यंत्राच्या लॉगबुकात.
३. डेटा फक्त एका ठरलेल्या फाईल-सर्व्हरवर जाऊ द्या. पेन ड्राइव्ह वापरायचाच तर लॅबचा, क्रमांक टाकलेला.
४. कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

जाळं विभागलेलं नसेल तर काय होतं हे दिल्लीच्या एम्सने नोव्हेंबर २०२२मध्ये दाखवलं. सायबर हल्ल्यात पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि नेटवर्कची नीट विभागणी नव्हती हे कारण सरकारने संसदेत सांगितलं.

परदेशी परिषदेला जाताना स्वतःचा लॅपटॉप नेऊ नका. विभागात दोन कोरे लॅपटॉप ठेवा, त्यावर फक्त ते सादरीकरण. परत आल्यावर जाळ्याला न जोडता पुसून टाका. कुणी भेट दिलेला पेन ड्राइव्ह कपाटात शोभेला ठेवायला हरकत नाही.

काही घडलंच तर संगणक बंद करू नका, नेटवर्कची केबल काढा. बंद केला की मेमरीतला पुरावा जातो. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार तिला घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. सहा तास म्हणजे रविवारी रात्रीसुद्धा सहाच तास. कळवणाऱ्याचं नाव आणि पर्यायी नाव आधीच ठरलेलं हवं, ‘सर रजेवर आहेत’ हे उत्तर चालत नाही.

सातवी पायरी: येणारे आणि जाणारे

पाहुण्यांसाठी नियम थोडे पुरतात. कामाला साजेसा व्हिसा, कोणत्या खोल्यांत प्रवेश ते आधी लिहिलेलं, सोबत एक माणूस, वाय-फाय पाहुण्यांचं वेगळं. यादीतल्या संवेदनशील लॅबमध्ये फेरफटका असेल तर फळा पुसा आणि स्क्रीन बंद करा. आयत्या वेळी शिष्टमंडळात वाढलेलं नाव हे नेहमी विचारण्याजोगं.

हे सगळं सांभाळायला नवं कार्यालय नको. संशोधन विभागाचा एक अध्यापक, आयटीचा एक माणूस आणि कुलसचिव कार्यालयातला एक अनुभवी अधीक्षक, एवढे तिघे पुरे. विचारलेल्या प्रश्नाला पाच कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर ठेवा. उत्तर महिनाभर आलं नाही की पुढच्या वेळी कुणी विचारत नाही, परस्पर पाठवून मोकळं होतं.

जाणाऱ्यांकडे मात्र अजिबात लक्ष नसतं. पीएचडी संपली, नो-ड्यूजवर ग्रंथालयाची, वसतिगृहाची, जिमखान्याची सही झाली, पण लॅबच्या फाईल-सर्व्हरवरचं खातं तसंच राहिलं. त्या नो-ड्यूजच्या कागदावर आणखी पाच रकाने छापून घ्या: ई-मेल आणि व्हीपीएन, गिटहब, ओव्हरलीफ आणि सामायिक ड्राइव्ह, लॅबच्या किल्ल्या आणि दाराचा कोड, वह्या आणि फ्रीजरमधल्या डब्यांची यादी, आणि लॅबचा व्हॉट्सॲप ग्रुप, जिथे तीन वर्षांचे वहीच्या पानांचे फोटो पडलेले असतात.